बार्शीचा पेपर यादीत का सापडत नाही? रुग्णालयाच्या संशोधनाची मोजदाद

मित्रहो, रुग्णालयातलं संशोधन मोजायचं कसं, हा आजचा विषय. सुरुवात एका पेपरपासून करू या.

2 एप्रिल 2009 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं वय 30 ते 59. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचा शोध, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी, म्हणजे ज्याला सगळे व्हीआयए म्हणतात ती. चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच, आणि त्यानंतर आठ वर्षं पाठपुरावा. चौथ्या भागातल्या 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात स्त्रिया जास्त होत्या, 34,126, आणि मृत्यू 34. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हीआयए यांच्या भागांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही.

हे काम बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं, परळच्या टाटा मेमोरियलचं आणि फ्रान्समधल्या लियाँ इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं. पहिले लेखक लियाँचे डॉ. आर. शंकरनारायणन, दुसरे बार्शीचे डॉ. भगवान नेने. आता तुम्ही पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत जा, पत्त्याच्या रकान्यात ‘बार्शी’ टाका आणि 2009 साल निवडा. हा पेपर हाती लागेल या भरवशावर राहू नका. कारण 1988 पासून 2013 पर्यंत पबमेडच्या नोंदीत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता घेतला जायचा. सगळ्या लेखकांचे पत्ते 2014 पासून येऊ लागले. म्हणजे एखाद्या वैद्यकीय केंद्राची 2000 पासूनची यादी कुणी फक्त पत्त्यावरून काढली, तर ज्या कामात ते केंद्र पहिल्या नावावर नव्हतं ते सगळं 2014 पूर्वीचं काम गळून जातं. आलेखात 2014 ला उडी दिसते, आणि अहवालात लिहिलं जातं की संशोधन वाढलं. वाढलेली असते फक्त नोंद.

म्हणून पहिलं काम यादीचं. ती तीन चाळण्यांतून काढावी लागते. पहिली चाळणी पत्त्याची: पबमेडबरोबरच स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या लेखसूच्यांमध्ये शोधा, तिथे जुन्या पेपरांचेही सगळ्या लेखकांचे पत्ते बहुतेक वेळा मिळतात. दुसरी चाळणी माणसांची: आस्थापना विभागाकडून वर्षवार शिक्षकांची यादी घ्या आणि प्रत्येक नावाने शोध घ्या. तिसरी चाळणी खात्यांची: काढलेली यादी विभागप्रमुखांकडे पाठवा आणि सुटलेले पेपर डीओआय क्रमांकासकट, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या ओळख-क्रमांकासकट मागा. नुसतं शीर्षक मागितलंत तर तोच पेपर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी तीनदा येतो. तिन्ही याद्या डीओआयवर जुळवायच्या. डीओआय नसेल तिथे पबमेडचा क्रमांक. तोही नसेल तर शीर्षक, वर्ष आणि पहिलं पान.

पत्त्याच्या चाळणीत काय काय अडतं ते टाटा मेमोरियलच्याच उदाहरणाने पाहू, कारण तिथे सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. रुग्णालय सुरू झालं 28 फेब्रुवारी 1941 ला. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. 1952 मध्ये सुरू झालेलं कर्करोग संशोधन केंद्र पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं, आणि 1966 मध्ये दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. नंतर खारघरला अ‍ॅक्ट्रेक हे त्याचंच संशोधन केंद्र आलं. त्यामुळे एकाच केंद्राचे पेपर ‘हॉस्पिटल’, ‘सेंटर’, ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’, ‘अ‍ॅक्ट्रेक’ अशा चार नावांखाली विखुरलेले. ‘सेंटर’चं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारचं. शहर 1995 पूर्वी बॉम्बे, नंतर मुंबई. पिनकोड परळचा वेगळा, खारघरचा वेगळा. शिवाय होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट हे अभिमत विद्यापीठ 2005 मध्ये झाल्यापासून काही जण आधी त्याचं नाव लिहितात, काही जण फक्त त्याचंच लिहितात. मग भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या भौतिकशास्त्रज्ञाचा पेपरही कर्करोगाच्या यादीत शिरतो.

उलटी चूकही होते. ‘टाटा’ आणि ‘मेडिकल’ हे दोन शब्द टाकून शोधलंत की कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर येतं. ती अगदी वेगळी संस्था आहे. ‘टीएमएच’ या आद्याक्षरांवर जमशेदपूरचं टाटा मेन हॉस्पिटल येतं. म्हणून शोधाचं सूत्र तयार झालं की त्यातले शंभर पेपर डोळ्यांनी तपासायचे, आणि किती परके निघाले ते अहवालात लिहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद ठरतो.

माणसांच्या चाळणीत आपल्याकडची अडचण तर सगळ्यांच्या ओळखीची आहे. एस. पाटील, ए. कुलकर्णी, पी. शिंदे. एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात एकाच वेळी तीन-चार एस. पाटील असतात, त्यातले दोन एकाच खात्यात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचं आधीचं काम दुसऱ्याच व्यक्तीचं समजलं जातं. यावर उपाय ओआरसीआयडीचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाचा. हा 16 अंकी क्रमांक 2012 पासून मिळतो, फुकट मिळतो, काढायला काही मिनिटं लागतात. निवासी डॉक्टर रुजू होतो त्या दिवशीच्या कागदपत्रांत हा क्रमांक मागावा. प्रबंधाचा आराखडा नैतिकता समितीकडे जातो त्या अर्जावर केंद्राच्या पत्त्याची ठरलेली ओळ छापलेली असावी: खातं, संस्था, विद्यापीठ, शहर, पिन, याच क्रमाने आणि याच स्पेलिंगने. संस्थांसाठीही आरओआर नावाचे कायमचे क्रमांक 2019 पासून आहेत. आपल्या संस्थेचा आहे का ते बघा, नसेल तर मागून घ्या.

यादी तयार झाली की ती वेगळी करायची. मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, केस रिपोर्ट, संपादकाला पत्र, संपादकीय, परिषदेतला गोषवारा. हे सगळं एका बेरजेत टाकणं म्हणजे शस्त्रक्रिया विभागाच्या अहवालात टाके काढणं आणि अन्ननलिका काढणं एकाच रकान्यात मोजण्यासारखं आहे. दुसरा प्रश्न श्रेयाचा. जगभरातल्या रोगभाराचे जे मोठे संयुक्त पेपर निघतात त्यांवर शेकडो लेखक असतात आणि त्यांना हजारो उद्धरणं, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, मिळतात. तुमच्या केंद्रातला एक जण त्यात असेल तर एका पेपरने केंद्राची सरासरी कुठल्या कुठे जाते. म्हणून दोन्ही बेरजा द्या. एक पूर्ण मोजणी, जिथे असा पेपर एक धरला जातो. दुसरी अपूर्णांकाची: दहा लेखकांपैकी दोघं तुमचे असतील तर 0.2. दोन बेरजांमधलं अंतर मोठं असेल तर केंद्र स्वतः प्रश्न उभे करत नाही, दुसऱ्यांच्या अभ्यासात भाग घेतं, हे कळतं. त्यात वाईट काही नाही. पण माहीत असावं.

आता उद्धरणं, म्हणजे सायटेशन्स. इथे सगळ्यात जास्त वापर एच-इंडेक्सचा होतो. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये मांडला, आणि मांडला तो एकट्या संशोधकासाठी. पाच पेपरांना 40, 12, 5, 4 आणि 1 अशी उद्धरणं असतील तर एच 4, कारण किमान चार उद्धरणं असलेले चार पेपर आहेत. आता दुसरा संच घ्या: 900, 4, 4, 4, 1. याचाही एच 4. ज्या पेपरने उपचार बदलला तो पहिल्या जागी आहे, आणि त्याचे 896 एचला दिसत नाहीत. शिवाय एच कधी कमी होत नाही, आणि जुन्या, मोठ्या संस्थेचा आपोआप जास्त असतो. त्यामुळे 80 वर्षांच्या रुग्णालयाची 15 वर्षांच्या महाविद्यालयाशी एचवरून तुलना करू नये.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली उद्धरणं, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. हा जर्नलचा आकडा आहे, आणि तोही सरासरीचा. काही थोडे पेपर बहुतेक उद्धरणं घेऊन जातात, उरलेले सरासरीच्या खाली असतात. एखाद्या माणसाच्या पेपरांचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र करून जी बेरीज बढतीच्या अर्जावर लिहिली जाते, तिला काहीच अर्थ नाही. जर्नलच्या आकड्यांवरून माणसांचं मूल्यमापन करू नका, हे 2012 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या बैठकीतून निघालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितलं आहे.

मग द्यायचं काय? ठरावीक खिडकी: प्रसिद्धीनंतरची तीन किंवा पाच वर्षं, सगळ्या पेपरांना तीच. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा. आपल्या विषयात, त्याच वर्षी, त्याच प्रकारच्या लेखांमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत किती पेपर आले, तो वाटा. कर्करोगावर जगभर प्रचंड लिहिलं जातं, सर्पदंशावर फार थोडं. दोन्हींची उद्धरणं शेजारीशेजारी ठेवली तर सर्पदंशावर काम करणारं ग्रामीण रुग्णालय नेहमीच हरतं. आणि प्रत्येक आकड्याखाली कुठल्या साठ्यातून, कुठल्या तारखेला काढला ते लिहा. गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स एकाच पेपरला तीन वेगळे आकडे देतात.

देशाचं चित्र काय आहे? 2005 ते 2014 या दहा वर्षांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर सापडला नाही. वर्षाला शंभराहून जास्त पेपर काढणाऱ्या संस्था 25, आणि देशाच्या एकूण कामाचा 40.3 टक्के वाटा त्यांचा. हे वाचून आधी धक्का बसतो. मग पत्त्यांचा गोंधळ आठवतो आणि त्या 332 पैकी काहींचं काम नोंदीतच हरवलं असेल असं वाटतं. तरीही इतकी मोठी संख्या नुसत्या नोंदीच्या चुकीने होत नाही.

हे चित्र बदलावं म्हणून बढतीला पेपर त्याआधीच सक्तीचे झाले होते. वैद्यक परिषदेच्या 2015 च्या परिपत्रकाने श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना दिलं. आता बार्शीसारख्या अभ्यासाचा विचार करा. संख्याशास्त्रज्ञ, नोंदणी सांभाळणारे, पॅथॉलॉजिस्ट, गावोगाव फिरणारे पथक, सगळे तिसऱ्या नावापासून पुढे. असा नियम असेल तर तरुण शिक्षकाला शहाणपण कशात दिसेल? आठ वर्षं एका मोठ्या अभ्यासात घालवण्यात, की दोन लेखकांच्या छोट्या पेपरांत? पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक याच जमिनीत वाढलं. एखादं नियतकालिक खरं आहे का हे बघायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या पानावरच्या ‘इंडेक्स्ड’ या दाव्यावर जाऊ नका. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-क्रमांक घ्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीत टाका, आणि मेडलाइन या त्याच ग्रंथालयाच्या निवडक सूचीत सध्या समाविष्ट आहे असं लिहिलंय का ते पाहा. एखादा पेपर पबमेडमध्ये दिसतो म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आहे असंही नाही. तिथे इतर वाटांनीही नोंदी येतात.

वर्षवार मोजणीचा सगळ्यात मोठा तोटा लांब पल्ल्याच्या कामाला होतो. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये व्हीआयए आणि हाताने स्तनतपासणी यांचा अभ्यास 1998 मध्ये सुरू केला. वय 35 ते 64. तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवडे शिकवून त्यांनी केली. व्हीआयए म्हणजे काय, ते जवळून पाहू. स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख दिव्याच्या उजेडात आणायचं, त्यावर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावलेला कापूस धरायचा, पूर्ण एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरट, दाट, कडा स्पष्ट असा उठून येतो. मिनिटाआधी बघितलं तर रोग सुटतो. द्रावण जुनं किंवा चुकीच्या प्रमाणाचं असेल तर पांढरेपणा फिका येतो. सूज असेल तर निरोगी भागही फिकट पांढरा होतो आणि बाईला उगाच पुढे पाठवलं जातं. म्हणून अशा कामात पडताळणीचं वेळापत्रक तपासणीइतकंच महत्त्वाचं असतं.

दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. तपासणीच्या भागात 75,360 स्त्रिया, तुलनेच्या भागात 76,178. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या भागात लाखामागे 16.2, तपासणीच्या भागात 11.1, म्हणजे 31 टक्के कमी. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांचा हा पेपर आला 2014 मध्ये. स्तनतपासणीचा निकाल, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा, आला 2021 मध्ये: एकूण मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध झाली नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ 30 टक्के होती. एक अभ्यास, दोन निकाल, 16 आणि 23 वर्षं. या काळात वार्षिक अहवाल बघणाऱ्याला काय दिसलं असेल? या अभ्यासावर टीकाही झाली: तुलनेच्या भागातल्या स्त्रियांना फक्त आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी दिली नाही, हे बरोबर होतं का? ही टीका गंभीर आहे, आणि प्रभावाच्या नोंदीत ती असली पाहिजे. उद्धरणांच्या संख्येत टीका आणि स्तुती सारखीच मोजली जाते. म्हणून महत्त्वाच्या पेपरची निदान पन्नास उद्धरणं वाचून ती कशासाठी आली ते लिहावं: आधार म्हणून, पद्धत घेतली म्हणून, विरोध म्हणून, की नुसतं प्रस्तावनेतल्या एका ओळीत.

यापुढची पायरी मार्गदर्शक तत्त्वांची. केंद्र सरकारच्या 2016 च्या आराखड्यात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मात्र पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनएला पसंती दिली, जिची ताकद धाराशिवच्या गावांत 2009 मध्येच दिसली होती. एकदाच केलेल्या व्हीआयएने तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं, मुंबईत चार फेऱ्यांनी दिसलं. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले तर कार्यक्रम आखणाऱ्याला जे कळतं, ते दोन्हींच्या उद्धरणांची बेरीज करून कळत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण आणखी थेट आहे. गाठ लहान, मानेत हाताला काही लागत नाही. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसीकाग्रंथीही काढायच्या, की त्या दिसेपर्यंत थांबायचं? शल्यचिकित्सकांमध्ये हा वाद अनेक दशकं चालला, आणि दोन्ही बाजू सच्च्या होत्या. ग्रंथी काढताना खांद्याच्या स्नायूकडे जाणारी नस ताणली गेली तर हात वर करणं अवघड होतं. केस विंचरतानाही त्रास होतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 मध्ये 596 रुग्ण घेतले. पहिल्या 500 चा निकाल ऑगस्ट 2015 मध्ये आला: तीन वर्षांनी जिवंत असलेले, आधीच ग्रंथी काढलेल्यांत 80 टक्के, थांबलेल्यांत 67.5 टक्के. म्हणजे आठ जणांच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या तर एकाचा जीव वाचतो. गुंतागुंत 6.6 टक्के विरुद्ध 3.6. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधीच ग्रंथी काढण्याची शिफारस आली.

न छापलेल्या कामाचा हिशोबही मागायला हवा. भारतातली चाचणी-नोंदवही, सीटीआरआय, 20 जुलै 2007 ला सुरू झाली, 15 जून 2009 पासून नोंद सक्तीची झाली, आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. तिथून आपल्या केंद्राच्या चाचण्या काढा. ज्या संपून 24 महिने झाले त्यांचा पेपर आहे का, ते एकेक करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये निकाल छापून येण्यासाठी हीच मुदत सांगितली आहे. पेपर नसेल तर कारण विचारा. रुग्ण मिळाले नाहीत, पैसे संपले, मुख्य संशोधकाची बदली झाली, निकाल नकारार्थी आला. शेवटचं कारण सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण दुसऱ्या गावात तीच चाचणी पुन्हा होते आणि पुन्हा रुग्णांवर होते.

शेवटी, प्रभाव आपल्या दारात मोजायचा असेल तर शस्त्रक्रियागृहाची नोंदवही काढा. तोंडाचा कर्करोग, टी-1 किंवा टी-2 टप्पा, म्हणजे गाठ लहान, तपासणीत मान स्वच्छ, पहिलीच शस्त्रक्रिया: हा झाला छेद. त्यातल्या किती जणांच्या मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या, हा अंश. 2012 ते 2014 ची तीन वर्षं आणि 2016 ते 2018 ची तीन वर्षं, 2015 वगळा. टप्पा नोंदवहीत बहुतेक वेळा लिहिलेला नसतो, तो केसपेपरवरून घ्यावा लागतो. टक्केवारी वाढली नसेल तर आधी शस्त्रक्रियांच्या यादीतला एखादा दिवस बघा: एका टेबलावर सकाळी दोन तोंडाच्या केसेस लावल्या जात असतील आणि मानेतल्या ग्रंथीही काढल्याने दुसरी केस पुढे ढकलली जात असेल, तर पेपर सगळ्यांनी वाचलेला असूनही आकडा हलणार नाही. तिथे हवं असतं आणखी एक टेबल आणि एक भूलतज्ज्ञ. हे तुमच्या अहवालात त्या 2015 च्या पेपरच्या ओळीपुढेच लिहा.